अप्पांच्या गाडीचं पासिंग

अप्पांना जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा त्यांच्या गाडीची नोंदणी संपत आल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. कागदपत्रांत त्यांनी माझाच नंबर दिलेला होता. मी तो बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात, दुपारचा डबा खाताना वाचला, फोन उलटा ठेवला आणि डबा संपवला. त्या दिवसांत मी सगळंच असं करत होते. समोर येईल ते वाचायचं, करायचं, पुढचं हातात घ्यायचं. वाटत काहीच नव्हतं. लोक म्हणायचे, मुलगी धीराची आहे. धीरबीर काही नव्हता, नुसतं बधिर होतं. दाढ काढून आल्यावर स्वतःचाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं.

गाडी चाळीस वर्षांची. पांढरी, चौकोनी, आता रस्त्यावर सहसा न दिसणारी. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की तिची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. गाडी आरटीओच्या मैदानावर न्यायची. इन्स्पेक्टर दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर बघतो, इंजिनाचा आणि चॅसिसचा नंबर कागदाशी ताडून बघतो आणि पास किंवा नापास म्हणतो. बंगळुरात सगळे याला एफसी म्हणतात. अप्पा शेवटपर्यंत पासिंग म्हणायचे. मिरजेहून इथे येऊन पन्नास वर्षं झाली तरी काही शब्द त्यांनी सोडले नव्हते, आणि हा त्यातला एक.

गाडीचं काय करायचं यावर आईचं म्हणणं थोडक्यात होतं. "ठेवायची तर चालती ठेव. नाहीतर देऊन टाक. पण जयनगरभर सगळ्यांनी बघावी म्हणून पोर्चमध्ये नुसती उभी करून ठेवू नकोस. मला रोज दार उघडलं की ती दिसते."

तिचं बरोबर होतं. मग मी ठरवलं की आपण ठरवायचंच नाही. गाडी पासिंगला न्यायची. पास झाली तर राहील, नापास झाली तर भंगारात जाईल. जो काही निकाल लागेल तो सरकारी माणूस देईल, त्यावर शिक्का असेल, आणि कुणी विचारलं तर दाखवायला कागद असेल. खरं सांगायचं तर नापास व्हावी असंच मला वाटत होतं. म्हणजे सुटले असते.

मला पास-नापास करणाऱ्या माणसांबद्दल जरा जास्तच विश्वास आहे, कारण मी स्वतः तेच करते. पीण्यातल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं मी क्वालिटीत आहे. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, बरा असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल. अप्पाही त्याच धंद्यातले, फक्त मोठ्या सरकारी कारखान्यातले. त्यांच्याकडे बघूनच मी या कामात शिरले आणि त्यांच्याकडूनच नियम शिकले. लाल टॅगवर कारण लिहिलंच पाहिजे. खाली तपासणाऱ्याची सही आणि तारीख पाहिजे. तारीख त्याच दिवसाची, मागची कधीही घालायची नाही. आणि टॅग मालालाच बांधायचा, टेबलावर ठेवून द्यायचा नाही, कारण टेबलावरचा टॅग हरवतो आणि खराब माल चांगल्यात मिसळतो. कारण न लिहिता कुणी काही नापास केलं की अप्पा फार चिडायचे. ज्याने तो भाग बनवला त्याला आपलं काय चुकलं ते कळायला नको का, म्हणायचे.

निवृत्त होताना त्यांनी जुन्या नमुन्याच्या टॅगचा एक गठ्ठा घरी आणला होता. कारखान्यात नवे आले होते, जुने फेकायचे होते, ते त्यांना बघवेना. मग आमच्या घरात टॅगचं राज्य सुरू झालं. न उघडणाऱ्या छत्रीला लाल टॅग. गळणाऱ्या नळाला लाल टॅग, कारणासकट. एका दिवाळीत आईचे चिरोटे फसले तर त्या डब्यालासुद्धा लाल टॅग, आणि दोषाच्या रकान्यात 'पापुद्रे सुटले नाहीत' असं सुवाच्य अक्षरात. आईने तो टॅग त्यांच्याच शर्टाच्या गुंडीला बांधून त्यांना दिवसभर घरात फिरवलं होतं. त्यांनीही तो काढला नाही.

मी त्यांना नापास केलं ती गोष्ट आता सांगायला हवी.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. रविवार होता, दुसऱ्या दिवशी आईचा वाढदिवस, आणि तिला साडी घ्यायला आम्ही दोघं फोर्थ ब्लॉकच्या बाजारात निघालो होतो. गाडी ते चालवत होते, मी डावीकडे बसले होते. घराच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला त्यांना दिसला नाही. मी म्हटलं, होतं असं. पुढे फूटपाथच्या कडेला फुलवाली बसली होती, तिच्या शेवंतीच्या टोपलीवरून आमचं चाक गेलं. त्यांनी उतरून तिची माफी मागितली, सगळी फुलं विकत घेतली, आणि परत गाडीत बसून म्हणाले, "टोपली पुढे आलेली होती." टोपली पुढे आलेली नव्हती. आणि मग सिग्नलपाशी डावीकडून एक स्कूटर आली. त्यावर एक बाई आणि पुढे उभं केलेलं मूल. मी ओरडले. त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक त्यांनी कायम उत्तम ठेवलेले होते, म्हणून काही झालं नाही.

साडी घेतली. येताना गाडी मी चालवली. पोर्चमध्ये गाडी लावल्यावर मी म्हटलं, "अप्पा, किल्ली आता माझ्याकडे राहील."

"कारण?" त्यांनी विचारलं.

"कारण काय? तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. काही कानडी शब्द मात्र त्यांनी आपलेसे केले होते. "मग तसं लिहून दे."

"काय लिहून देऊ? तुम्ही काय माल आहात का?"

"माल नाही म्हणून तर लिहून दे म्हणतोय."

मी चिडले. मला वाटलं, ते वेळकाढूपणा करताहेत, माझ्याच नियमांत मला अडकवताहेत. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि आत जाऊन शेवंतीची फुलं पाण्यात ठेवली. नंतरही एकदोनदा त्यांनी विषय काढला. एकदा जेवताना, एकदा मी ऑफिसला निघताना. "लिहून द्यायचं राहिलंय हं." मी हसून सोडून दिलं. पुढे त्यांनी विचारणं थांबवलं. रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडी सुरू करायची, तेव्हा ते पायरीवर उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि "चोक कमी कर" एवढंच म्हणायचे. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग एका सकाळी त्यांच्या छातीत दुखलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

मी त्यांना नापास केलं आणि कारण लिहून दिलं नाही, हे मला माहीत होतं. पण त्याचंही काही वाटत नव्हतं. नुसतं माहीत होतं.

तर पासिंग. आधी गाडी आईच्या नावावर करून घेतली, विमा, एमिशनचा दाखला आणि ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट झाली, ऑनलाइन तारीख मिळाली. गाडी इथल्या शिवाजीनगरच्या मेकॅनिककडे नेली. तो अप्पांचा पंचवीस वर्षांपासूनचा मेकॅनिक, त्याच्या वडलांपासूनचं गॅरेज. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "साब की गाडी है मॅडम, टेन्शन नक्को लो. फेल करनेवाला पैदा नै हुआ." त्याला काय सांगणार की माझी अपेक्षा उलट आहे म्हणून.

घरी अप्पांची गाडीची फाइल काढली. फाइल म्हणजे नमुनाच होती. चाळीस वर्षांतला प्रत्येक कागद तारखेवार लावलेला. मागच्या कप्प्यात एक पाकीट होतं, त्यात पातळ कागदाच्या तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर शिसपेन्सिल घासून उतरवलेला गाडीचा चॅसिस नंबर. पासिंगच्या वेळी हा ठसा अर्जासोबत द्यावा लागतो. पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो. लहानपणी आम्ही नाण्यांचे ठसे काढायचो तसंच. अप्पांनी कधीतरी एकाच बैठकीत भरपूर ठसे काढून ठेवले होते आणि दर पाच वर्षांनी त्यातला एक वापरत होते. उरलेल्या तिन्ही पट्ट्यांवर कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'चाळीस वर्षे.' 'पंचेचाळीस वर्षे.' 'पन्नास वर्षे.' शेवटच्या पट्टीवर पुढे बारीक, थरथरत्या अक्षरात 'विंटेज?' असं जोडलेलं होतं. मी 'चाळीस वर्षे'वाली पट्टी अर्जाला टाचली. सोय झाली, एवढंच मनात आलं.

मैदानावर सकाळी रांग होती. रिक्षा, पिवळ्या पाटीच्या टॅक्स्या, शाळेच्या बसेस, आणि मध्येच आमची पांढरी आजीबाई. आमच्या मागे एक गृहस्थ निळी उघडी गाडी घेऊन आले होते, तिचे दिवे बेडकासारखे वर आलेले. मेकॅनिक चहाला गेला तसे ते आमच्या गाडीपाशी आले, बॉनेटवरून हात फिरवला आणि किती वर्षांची म्हणून विचारलं. चाळीस म्हटल्यावर ते हळहळले. "ये बीचवाली उमर है," म्हणाले. "पन्नास पूर्ण झाली की वेगळी नोंदणी मिळते, वेगळी पाटी. मूळ स्थितीत असली तर विंटेज. आणखी दहा वर्षं सांभाळा, मॅडम."

"मग रोज चालवता येते?" मी विचारलं.

"छे छे. रोज नाही. रॅलीला, प्रदर्शनाला. तिला आराम द्यायचा असतो."

मला त्या माणसाचा उगाच राग आला. भला माणूस होता, पण ज्या गाडीतून आईला दवाखान्यात आणि मला परीक्षेला नेलं ती चादर घालून ठेवायची आणि वर्षातून एकदा तिला बघायला माणसं बोलवायची, हे अप्पांना कसं आवडलं असतं कोण जाणे. त्यांनी तरी पुढे प्रश्नचिन्ह घातलंच होतं. मी "बघू" म्हटलं आणि पुढे बघत राहिले.

इन्स्पेक्टर चाळिशीचा असेल. कमी बोलणारा. अशी माणसं मला बरी वाटतात. त्याने बॉनेट उघडायला सांगितलं, अर्जावरची पट्टी बघितली, आणि म्हणाला की असला तयार ठसा चालत नाही, माझ्यासमोर काढा. मेकॅनिकने कागद घेतला, इंजिनामागच्या पत्र्यावर ठेवला, पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला. पुन्हा घासली. पुन्हा काळाच. इन्स्पेक्टरने स्वतः वाकून टॉर्च मारला.

"नंबर काण्ता इल्ला, मॅडम," तो म्हणाला. मग मला कळलं नसेल असं वाटून हिंदीत म्हणाला, "दिखता ही नहीं है. ये क्या लगाया है?"

काय लावलंय ते मला दिसल्याबरोबर कळलं. नंबर जिथे असायला हवा तिथे रंगाचा जाड, गुळगुळीत गोळा होता, वर वाळलेलं हळदकुंकू. दर खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळं बंगळूर आपल्या गाड्या धुतं, केळीचे खुंट बांधतं, चाकाखाली लिंबू ठेवतं, कोहळा फोडतं. अप्पाही हे सगळं करायचे, पण त्यांची मुख्य पूजा बॉनेटच्या आत असायची. गाडीचा नंबर म्हणजे तिची ओळख, त्याला गंज लागता कामा नये, म्हणून त्या नंबरावर ते दरवर्षी राखी रंगाचा एक पातळ हात द्यायचे, आणि रंग ओला असतानाच वर हळदकुंकू लावायचे. मी लहानपणापासून हे बघत आले होते. ठसे आधीच काढून ठेवलेले असल्यामुळे आपण नंबरच बुजवत चाललोय, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. त्याआधीच्या इन्स्पेक्टरांनी त्यांचा तयार ठसा घेतला असणार, त्यांच्या फाइलीकडे बघून गप्प बसले असणार. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासलेला माणूस, आणि त्याच्याच गाडीचा नंबर त्याच्याच काळजीने दिसेनासा झालेला.

इन्स्पेक्टरने पुढे काहीच तपासलं नाही. त्याने फॉर्मवर निकाल लिहिला, कारण लिहिलं, खाली सही आणि तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला. सगळं नियमाप्रमाणे. कारण होतं, चॅसिस नंबर वाचता येत नाही. त्याखाली त्याने लिहिलं होतं, दुरुस्त करून पुन्हा आणा.

मला हवा होता तो निकाल मिळाला होता. शिक्क्यासकट.

"पास?" घरी गेल्यावर आईने विचारलं.

"नापास."

"मग?" ती म्हणाली. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वाचला, घडी घालून परत दिला आणि भाजी चिरायला बसली. मी भंगारवाल्याचा नंबर फोनमध्ये काढून ठेवला होता, तो लावायला घेतला आणि थांबले. अप्पांची आठवण वगैरे येऊन नाही. ते शेवटचं वाक्य आड येत होतं. दुरुस्त करून पुन्हा आणा. ज्याचा दोष दुरुस्त होऊ शकतो तो माल भंगारात टाकायचा नसतो, तो पुन्हा मशीनवर जातो, हा माझा तीस वर्षांचा नियम. तो मोडून भंगारवाल्याला फोन करणं माझ्या हातून झालं नाही.

मेकॅनिक म्हणाला, ग्राइंडर मारतो, दोन मिनिटांत साफ. मी जवळजवळ त्याच्या अंगावर ओरडले. ग्राइंडरने रंगासोबत नंबरही गेला असता, आणि नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. मी कारखान्यातून थिनरचा डबा आणि कॉटन वेस्ट आणलं, एक लाकडी चपटी काडी घेतली आणि शनिवारी सकाळी पोर्चमध्ये बॉनेट उघडून बसले.

रंग सहजासहजी सुटत नव्हता. थिनरचा बोळा ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, काडीने अलगद ओढायचं. एक राखी पापुद्रा निघायचा, त्याखाली लालसर. मग पुन्हा राखी, पुन्हा लालसर. वरचे थर सुरकुतलेले होते आणि कुंकू जिकडेतिकडे गेलेलं होतं, म्हणजे हात थरथरायला लागल्यानंतरचे. खालचे नीट होते. शेवटच्या खंडेनवमीला रंग मीच लावला होता, कारण त्यांना वाकवत नव्हतं. ते मागे उभे राहून "पातळ, पातळ" म्हणत होते. तो थर सगळ्यात आधी निघाला. मी तो कागदावर ठेवला, बाकीचेही ठेवत गेले, का ते माहीत नाही. आई दोनदा चहा घेऊन आली आणि वाकून बघून गेली. रविवारी अकराच्या सुमाराला काडी खरखरली आणि पहिला आकडा दिसला. मग दुसरा. उन्हात ते सगळे आकडे एकेक करून वर आले, अगदी ताजे, कडा तीक्ष्ण. गंजाचा एक ठिपका नव्हता. अप्पांचं काम बरोबर होतं, फक्त जरा जास्तच बरोबर होतं. मी पेन्सिलीने ठसा काढला आणि त्यांच्या पट्टीशेजारी ठेवून ताडला. एकच होता.

एवढं झालं तरी मला काही वाटलं नाही. पाठ दुखत होती आणि हाताला थिनरचा वास येत होता, बस्स.

दुसऱ्यांदा मैदानावर गेलो तेव्हा तोच इन्स्पेक्टर होता. त्याने नंबर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मेकॅनिकने त्याच्यासमोर ठसा काढला. मग त्याने एकेक तपासायला सुरुवात केली. दिवे, हॉर्न, वायपर. हँडब्रेक. गाडी थोडी चालवून ब्रेक. मेकॅनिक माझ्याकडे बघून बोटाने 'झालं' अशी खूण करत होता. शेवटी पट्टे. त्या काळी या गाड्यांना सीटचे पट्टे नसायचे, अप्पांनी नंतर बसवून घेतले होते. ते पक्के आहेत का ते बघायला इन्स्पेक्टर दारातून आत वाकला, चालकाच्या सीटच्या कडेला हात घातला, आणि थांबला.

"इदु एनु, मॅडम?" हे काय आहे म्हणून त्याने विचारलं.

सीटच्या खाली, लोखंडी पट्टीला, बारीक तारेने एक लाल टॅग बांधलेला होता. त्यावर छापलेलं मोठं 'अस्वीकृत' त्याला वाचता आलं असावं. "सीट रिजेक्ट है क्या?" तो म्हणाला.

मी वाकून तार सोडवली. कारखान्यातला जुना टॅग, आमच्या घरातल्या गठ्ठ्यातला. दाराची दुसरी किल्ली अप्पांकडेच होती, ती मी कधी मागितली नव्हती. छापील रकान्यांपुढे त्यांचं अक्षर होतं, थरथरतं, पण रकान्याच्या बाहेर न गेलेलं.

वस्तू, चालक. नग, एक. दोष, डाव्या बाजूचे दिसत नाही. तपासणीत तीन वेळा आढळले. दुरुस्ती शक्य आहे का, नाही. निर्णय, नापास. त्याखाली बनवणाऱ्याच्या शेऱ्याचा रकाना असतो, तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'मान्य', आणि पुढे आपली सही. तपासणाऱ्याच्या सहीची आणि तारखेची जागा रिकामी होती. मी ज्यावर सही करायची ती जागा.

त्यांनी वाट बघितली होती. मी लिहून देणार नाही हे कळल्यावर स्वतःच लिहिलं, आणि नियमाप्रमाणे मालालाच बांधलं. मी दर रविवारी त्याच सीटवर बसून गाडी सुरू करत होते, ते पायरीवर उभं राहून चोक कमी कर म्हणत होते, आणि हा टॅग माझ्या खाली होता. त्यांनी कधी सांगितलं नाही. तपासणाऱ्याने बघायला हवं होतं.

"सीट ठीक आहे," मी इन्स्पेक्टरला म्हटलं. "हा सीटचा नाही. सीटवर बसणाऱ्याचा आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मला आधी कळलंच नव्हतं. इतके महिने ज्या जागेला हात लावला तरी काही कळत नव्हतं तिथे एकदम सगळं दुखलं. मी म्हटलं, "सर, पेन देता का?"

त्याने खिशातलं पेन काढून दिलं. मी टॅग बॉनेटवर ठेवला आणि सही केली. तीस वर्षांत मी हजारो लाल टॅगांवर सह्या केल्या असतील, पण मागची तारीख एकदाही घातलेली नाही. या एका टॅगवर मात्र आईच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची, त्या रविवारची तारीख घातली.